गल्लीतला त्रास, पोलीस आणि आपण: मुंबईकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

परळच्या पालिका शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर आहे आणि आसपासच्या चाळींतल्या लोकांना तक्रार अर्ज लिहून देते. फोनवर, जिन्यात, भाजी घेताना तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधी सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. ठाण्यात अजून कुणी "एकशे सात", "एकशे एक्कावन्न" म्हणालं तर ते जुने आकडे आहेत. खाली नवे दिले आहेत.

"समाजविघातक वर्तन" म्हणजे नेमकं काय? याचा वेगळा कायदा आहे का?

एकच असा कायदा नाही. रात्री गल्लीत दारू पिऊन धिंगाणा घालणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या देणं, जिन्यात गांजा ओढत बसणं, सायलेन्सर काढलेल्या बाइकवर फेऱ्या मारणं, मुलींच्या वाटेत टोळकं करून उभं राहणं, या सगळ्याला आपण एकच नाव देतो. कायद्यात मात्र प्रत्येकाचं कलम वेगळं आहे.

सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन केलं तर न्याय संहितेचं कलम ३५५ लागतं. त्यात २४ तासांपर्यंत साधी कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. अश्लील शिव्या आणि गाण्यांसाठी २९६, रस्ता अडवण्यासाठी २८५. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे. त्याची ११० आणि ११२ ही कलमं असभ्य वर्तनाला आणि शांतताभंग होईल अशा शिवीगाळीला लागतात, आणि बीटवरचे (ठरलेल्या भागात गस्त घालणारे) पोलीस रोजच्या कामात तीच जास्त वापरतात.

शिक्षा किरकोळ वाटतात, आणि आहेतही. पण असा त्रास एका रात्रीचा नसतो. तो रोज होतो, म्हणून माणूस खचतो. तो रोज होतो हे कागदावर दिसलं तरच मोठी कारवाई शक्य होते.

त्रास चालू असताना फोन कुठे करायचा?

११२ वर. पूर्वीचा १०० लावलात तरी चालतो. फोन उचलणारा माणूस तुमच्या ठाण्यात बसलेला नसतो. त्यामुळे "आमच्या गल्लीत" एवढं सांगून भागत नाही. रस्त्याचं नाव, जवळची खूण, किती माणसं आहेत, कुणाच्या हातात काही आहे का, एवढं सांगा. "शाळेच्या मागच्या गेटजवळ, सार्वजनिक नळापाशी, पाच-सहा जण, बाटल्या फोडतायत" असं सांगितलंत की बीट मार्शल नेमके तिथे येतात.

महिलांसाठी १०३, ज्येष्ठांसाठी १०९०, लहान मुलांसाठी १०९८. रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे फलाटावर, लोकलमध्ये किंवा स्टेशनच्या पुलावर काही घडलं तर लोहमार्ग पोलिसांचा १५१२ किंवा रेल्वेचा १३९. मुंबईत पुलाची एक बाजू शहर पोलिसांकडे आणि दुसरी लोहमार्ग पोलिसांकडे असं नेहमी होतं. हद्दीचा वाद घालत बसू नका, हाताला येईल तो नंबर फिरवा.

माझं नाव त्यांना कळलं तर? नाव न देता तक्रार करता येते का?

ही भीती खरी आहे. "आम्ही तिथेच राहतो बाई, ते उद्या दारात येतील," हे मी दर आठवड्याला ऐकते.

११२ ला फोन करताना स्पष्ट सांगा की पोलिसांनी माझ्या दारात येऊ नये, थेट जागेवर जावं. आवाजाच्या तक्रारीत तर मुंबई उच्च न्यायालयाचं म्हणणं उघड आहे. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने सांगितलं की तक्रारदाराची ओळख पटवण्याचा आग्रह न धरता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नये.

एफआयआरमध्ये मात्र फिर्यादीचं नाव असतंच, आणि ती प्रत आरोपीला मिळते. म्हणून नेहमीच्या त्रासासाठी मी एकट्याच्या सहीचा अर्ज लिहूनच देत नाही. दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या. पंधरा दारं ठोठवायला कुणी जात नाही.

अर्ज कसा लिहायचा?

ज्या अर्जांवर काहीच होत नाही त्यातले बहुतेक असे असतात: "आमच्या विभागात समाजकंटकांचा उच्छाद मांडला गेला असून नागरिक त्रस्त आहेत, तरी कडक कारवाई व्हावी." यावर पोलिसांनी करायचं तरी काय? कोण, कुठे, कधी, काहीच नाही.

आमच्या मागच्या गल्लीतला एक अर्ज मी असा लिहिला होता: "शुक्रवारी रात्री ११.४० ते १२.३०, सार्वजनिक नळाजवळ चार जण दारू पीत होते. हटकल्यावर शिवीगाळ केली. दोन बाटल्या भिंतीवर फोडल्या. शनिवारी सकाळी ६ वाजता दूध आणायला निघालेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या टाचेत काच गेली, केईएममध्ये दोन टाके पडले." खाली अशाच आणखी सहा तारखा, केसपेपरची झेरॉक्स, बाटल्यांचा एक फोटो. ठाणे अंमलदाराने तो अर्ज उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची पुढे केली आणि बीटच्या हवालदारांना बोलावून घेतलं.

माणूस कसा आहे ते लिहू नका, त्याने काय केलं ते लिहा. "तो गुंड आहे" हे तुमचं मत झालं. "त्याने दार लाथेने तोडलं" ही घटना आहे, तिच्यावर पोलीस काम करू शकतात. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, जागा, काय घडलं आणि कुणी पाहिलं, एवढे रकाने पुरतात. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

पोलिसांनी एनसी घेतली आणि घरी पाठवलं. एनसी म्हणजे काय? त्याचा उपयोग काय?

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की यांत येते. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. हा नियम पोलिसांनी आपल्याला टाळण्यासाठी काढलेला नाही, तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. त्याच कलमात आता असंही आहे की अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा.

लोक एनसीची पावती रागाने चुरगळून टाकतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्याच माणसाविरुद्ध चार वेगवेगळ्या घरांनी चार एनसी दिल्या की तो "सवयीचा त्रास देणारा" ठरायला आधार मिळतो. पुढचा चॅप्टर (खाली पाहा) याच पावत्यांवर उभा राहतो. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाजवळ ठेवा.

एक अपवाद लक्षात असू द्या. हत्यार दाखवलं, मुलीची छेड काढली, घरात घुसले, पैसे उकळले, तर तो दखलपात्र गुन्हा आहे. तिथे एनसीवर समाधान मानू नका, एफआयआरच मागा.

एफआयआर घ्यायलाच तयार नाहीत. मग?

आधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटा. ड्युटी ऑफिसरने नाही म्हटलं म्हणजे ठाण्याने नाही म्हटलं असं होत नाही. तिथेही जमलं नाही तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तो तुमचा हक्क आहे. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, पोलीस १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यामुळे "चौकशी चालू आहे" हे उत्तर दरवेळी टाळाटाळीचं असतंच असं नाही. चौदा दिवस मोजा आणि पंधराव्या दिवशी जा.

"ही आमची हद्द नाही" हे उत्तर दखलपात्र गुन्ह्यात चालत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आणखी एक. महिला, साठीच्या वरचे पुरुष, पंधराच्या आतली मुलं, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं.

चॅप्टर काढणं म्हणजे काय करतात?

माझ्या मते रोजच्या त्रासावर पोलिसांच्या हातातलं हेच सगळ्यात कामाचं हत्यार आहे, आणि लोकांना त्याचीच माहिती सगळ्यात कमी असते.

चॅप्टर केस ही शिक्षा नाही, प्रतिबंधक कारवाई आहे. मुंबईत सहायक पोलीस आयुक्तांना (एसीपी) विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचे अधिकार असतात. ते त्या माणसाला नोटीस काढून विचारतात, की शांतता राखण्याचं हमीपत्र तुझ्याकडून का घेऊ नये? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली हे हमीपत्र एक वर्षापर्यंतचं असू शकतं. सवयीच्या गुन्हेगारांसाठी कलम १२९ आहे, तिथे चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र तीन वर्षांपर्यंतचं घेता येतं. हमीपत्र मोडलं की रक्कम जप्त होते आणि प्रसंगी तुरुंगातही जावं लागतं.

नाक्यावर मिजास करणारा पोरगा एसीपींच्या कार्यालयात बाकावर चार तास बसतो, जामीनदार आणायला मामाला फोन करतो, आणि घरी येतो तो बराच शांत होऊन. सगळे होतात असं नाही. पण मी पाहिलेल्यांपैकी बरेच झाले.

त्या माणसालाही आपली बाजू मांडायचा हक्क असतो, वकील देता येतो. म्हणूनच तुमची वही आणि एनसीच्या पावत्या लागतात. कलम १७० खाली (जुनं १५१) पोलीस दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी कुणाला २४ तासांपर्यंत ताब्यात ठेवू शकतात. सणासुदीच्या आधी जी धरपकड होते ती बहुधा हीच.

त्याला तडीपार करता येईल का?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५, ५६ आणि ५७ या कलमांखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं. आधी नोटीस, मग सुनावणी, मग उपायुक्तांचा आदेश. त्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. लोक भीतीपोटी उघड जबाब देत नाहीत, म्हणून साक्षीदारांचे गोपनीय जबाब घेतले जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि तो जपून वापरायला हवा, कारण त्याने माणसाचा देशात कुठेही फिरण्याचा हक्क काढून घेतला जातो. मला हे पटतं. तडीपार केलेला पोरगा दिवा किंवा विरारच्या पुढे कुणा नातेवाइकाकडे राहतो, इथलं काम सुटतं, आणि रात्री लपून येतो तो आधीपेक्षा बिथरलेला असतो. चाकू काढणाऱ्या, खंडणी मागणाऱ्या माणसासाठी तडीपारी हवीच. कट्ट्यावर मोठ्याने बोलणाऱ्या पोरांसाठी ती मागू नका.

याच्याही पुढे १९८१ चा एमपीडीए कायदा आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना त्याखाली पोलीस आयुक्तांच्या आदेशाने १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. तो निर्णय पोलीस घेतात, आपल्या अर्जात त्याची मागणी लिहिण्याची गरज नाही.

डीजे आणि लाउडस्पीकरचं काय? सणाला तक्रार केली तर धर्मविरोधी म्हणतात.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असतील तर तिथे ५० आणि ४०. हे नियम २००० सालचे आहेत. परवानगी असली तरी ही मर्यादा पाळावीच लागते.

धर्माबद्दल बोलायचं तर वर सांगितलेल्या २०२५ च्या निकालात उच्च न्यायालयाने म्हटलं आहे की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आधी समज, मग दंड, मग यंत्र जप्ती, अशी पायरीपायरीने कारवाई करायलाही सांगितलं आहे. मी गणपती मंडळात वाढलेली बाई आहे, लालबागचे दहा दिवस माझ्या अंगात भिनलेत. शेजारच्या खोलीत केमो घेऊन टाटाहून आलेला माणूस झोपलेला असतो तेव्हा स्पीकर खाली करण्यात कुठल्याच देवाचा अपमान होत नाही.

मंडळाची मुलं वर्गणीसाठी दमदाटी करतात. ही तक्रार होऊ शकते?

हो. वर्गणी ऐच्छिक असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती दाखवा म्हणा आणि पावती मागा. धमकी देऊन पैसे घेतले तर तो खंडणीचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३०८, दखलपात्र. इथे एनसी नाही.

गर्दुल्ले जिन्यात बसतात. पोलीस उचलतात, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

विकणारा आणि ओढणारा असे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकणाऱ्याची माहिती १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षाला द्या. तिथे गाडीचा नंबर, माल येण्याची वेळ, पुडी कुठे लपवतात असं नेमकं सांगितलंत तर काम होतं.

ओढणाऱ्याला मात्र आजार आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे घरच्यांना माहीत नसतं. पोलिसांच्या भीतीने ते पोराला लपवतात आणि उपचार राहून जातात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर फोन करा.

शाळेजवळ कुणी मुलांना नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देत असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे कलम अर्जात आवर्जून लिहा.

त्रास देणारी पोरं चौदा-पंधरा वर्षांची आहेत. पोलीस म्हणतात आम्ही काही करू शकत नाही. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत कुणी प्रौढ नसेल तर एफआयआरही होत नाही. दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मुंबई शहराचं मंडळ डोंगरीच्या निरीक्षणगृहात बसतं.

पण "काही करू शकत नाही" हे खोटं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा आणि त्याच्याशीच बोला.

आमच्या नळाजवळच्या टोळक्यात दोघे माझ्या वर्गात बसलेले होते. एक तिसऱ्या बाकावरचा, पाढे तोंडपाठ असलेला. मी गेले आणि हाक मारली. पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट, जशी हजेरीला मारायचे तशी. हातातली सिगारेट पाठीमागे गेली. दोघांनाही संध्याकाळी जायला जागा नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, आणि शाळेचं मैदान सहाला कुलूपबंद.

मग पोलिसांशिवाय वस्तीने काय करायचं?

त्या नळाजवळचा रस्त्याचा दिवा चार महिने बंद होता. खांबाखाली दगड पडलेले, म्हणजे तो मुद्दाम फोडलेला. शहर भागात रस्त्यावरचे दिवे बेस्टकडे असतात. तिथे आणि पालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात आम्ही अर्ज दिले. दिवा लागला तेव्हा त्याखाली कॅरमचा बोर्ड मांडला, स्टँडला सायकलची साखळी बांधून. बोरिक पावडरचा डबा वाण्याच्या दुकानात ठेवायचा आणि रात्री साडेनऊला बोर्ड आत घ्यायचा, एवढे दोन नियम. मोठी माणसंही खेळायला यायला लागली. पिणारे कुठे गेले म्हणाल, तर त्यातले दोघे अजूनही दुसऱ्या गल्लीत पितात. पण नळावर मुली पुन्हा रात्री पाणी भरतात.

कचरा, बंद दिवे, पडीक खोल्या यासाठी पालिकेचा १९१६. पडीक खोलीला दार बसवणं हे पोलिसांच्या दहा फेऱ्यांपेक्षा उपयोगी पडतं.

मोहल्ला कमिटी म्हणजे काय? ती अजून असते का?

तिची सुरुवात भिवंडीत झाली. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना आणि पोलिसांना एकत्र बसवणाऱ्या समित्या केल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी १९९४ पासून मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं. वस्तीतल्या पोरांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने हा त्यातलाच भाग.

आज बऱ्याच ठाण्यांत शांतता समिती, महिला दक्षता समिती असते. काही नुसत्या सणाच्या आदल्या दिवशी चहा-बिस्किटांपुरत्या जमतात, हे मला दुःखाने सांगावं लागतं. तुमच्या ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना विचारा की समितीवर कोण आहे आणि पुढची बैठक कधी. बैठकीत पंचवीस विषय नेऊ नका. एकच न्या, आणि पुढच्या वेळी त्याचं काय झालं ते विचारा. बीटच्या अंमलदाराचा नंबर जिन्याच्या फळ्यावर लिहून ठेवा. त्याची बदली झाली की नव्या अंमलदाराला चाळीत बोलावून चहा द्या.

मुलींची छेड काढतात, पण "हात लावला नाही ना?" असं विचारतात.

हात लावायची गरज नाही. शेरेबाजी आणि खाणाखुणांना न्याय संहितेचं कलम ७९ आहे, लैंगिक छळाला ७५, पाठलागाला ७८. सोशल मीडियावरून मागे लागणंही पाठलागच. जानेवारी २०२२ पासून मुंबईच्या ठाण्यांत निर्भया पथकं आहेत. क्लास सुटायच्या वेळी, अमुक वळणावर गस्त हवी, असा अर्ज त्यांच्या नावे द्या. आणि मुलीचा क्लास बंद करू नका. तिने काय केलंय?

रात्री बाइकचे स्टंट करतात.

गाडीचा नंबर टिपून वाहतूक पोलिसांना कळवा. चालवणारा अठराच्या आतला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे बापाच्या कानावर घाला. माझ्या अनुभवात चावी त्याच रात्री कपाटात जाते.

सोसायटीतलाच एक सभासद त्रास देतो. पाणी तोडू का?

अजिबात नाही. पाणी-वीज तोडलीत तर गुन्हेगार तुम्ही ठराल. शिवीगाळ, धमकी ही पोलिसांकडे (वर अर्जाचा प्रश्न पाहा). सोसायटीच्या नियमांचा भंग असेल तर कमिटीची लेखी नोटीस, मग उपनिबंधक. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ खाली हकालपट्टीची तरतूद आहे, पण त्याला सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं आणि निबंधकांची मान्यता लागते. भाडेकरूचा त्रास असेल तर आधी घरमालकाला लेखी कळवा.

आम्हीच पकडून चार फटके दिले तर?

तुमच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली तुम्ही त्याला धरू शकता. सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मारायचा अधिकार कुणालाच नाही. पाच किंवा जास्त जणांच्या जमावाने जात, धर्म, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाला ठार मारलं तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) प्रमाणे प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. "मोबाइल चोर" ओरडलं की गर्दी कशी जमते ते आपण सगळ्यांनी लोकलमध्ये पाहिलंय. तेव्हा तिथे असाल तर त्या माणसाभोवती उभे राहा आणि ११२ फिरवा.

व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू का?

काढा, टाकू नका. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तिथेच राहू द्या. पुराव्यासाठी प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि चार ग्रुपांतून फिरून आलेली फाइल तिथे अडते. अल्पवयीन मुलाचा चेहरा फिरवलात तर तुम्हीच अडचणीत याल.

सीफेसवर जोडपी बसतात, नाक्यावर फेरीवाले आणि भिकारी. याचीही तक्रार करायची ना?

हा प्रश्न फार येतो, म्हणून सरळ उत्तर देते. दोघं हातात हात घालून बसले तर तो गुन्हा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी जोडप्यांवर पोलीस अधिनियमाचं कलम ११० लावलं, तेव्हा पोलिसांवरच टीकेची झोड उठली. फेरीवाल्यांचा विषय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा, म्हणजे पालिकेचा. फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाकडे घर नाही, एवढंच त्याने केलेलं असतं. कृत्य काय घडलं हा एकच रकाना वहीत भरा. तो रिकामा राहत असेल तर तक्रार नाही.

माझ्याच मुलाला पोलिसांनी उचललं. आता?

हा फोन मला रात्रीच येतो, आणि बहुधा आईचा. आधी कुठल्या ठाण्यात आहे ते शोधा. अटक का केली हे सांगणं आणि नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बऱ्याचदा अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देऊन भागतं, तसं विचारा. अठराच्या आतला असेल तर जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घेऊनच निघा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे, मोफत वकील मिळतो. पैसे घेऊन "मॅटर सेटल करतो" म्हणणारा माणूस ठाण्याबाहेर उभा असेल, त्याच्याशी बोलू नका.

पोरगा घरी आला की आधी जेवायला वाढा. मग त्या रात्री काय झालं, सोबत कोण होतं, हे त्याच्या तोंडून शेवटपर्यंत ऐका, मध्ये हात न उगारता. त्याच्या मित्रांची नावं बऱ्याच आयांना त्या रात्री पहिल्यांदा कळतात.